सोंगटी खिशात, चिप्स स्टुलावर : केली पूलची पोकर-पद्धतीची स्पर्धा कशी भरवायची

पूलच्या टेबलावर लपवाछपवीला जागा नसते. पंधरा बॉल सगळ्यांसमोर, व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) सगळ्यांसमोर, आणि कोणाचा हात कितपत बसलाय हेही पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना कळलेलं. त्यामुळे सहा जण जमले की ज्याला खेळता येतं तोच संध्याकाळभर टेबलाला चिकटतो, बाकीचे भिंतीला टेकून मोबाइल बघतात. आमच्या ग्रुपचं वर्षभर हेच चाललं होतं. तीन पत्तीत नेमकं उलटं. तिथे सगळा खेळ हातातल्या तीन पानांवर, आणि ती दुसऱ्याला दिसत नाहीत. काहीच आलेलं नसताना ठामपणे चाल टाकणारा गडी पॉट उचलून नेतो.

या दोन्हींचं लग्न लावता येतं आणि त्यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. केली पूल नावाचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत खेळला जातो. बाटलीत १ ते १५ आकड्यांच्या मटाराएवढ्या गोट्या घालायच्या, प्रत्येकाने एक गुपचूप काढायची, आणि तो आकडा असलेला बॉल जो कायदेशीरपणे पॉकेटमध्ये टाकेल तो जिंकला. गोट्यांमुळे त्याला ‘पी पूल’ आणि ‘पिल पूल’ अशीही नावं आहेत. आम्ही गोट्यांऐवजी आकडे लिहिलेल्या सोंगट्या वापरतो. आम्ही त्याला चिप्स आणि चालींचे तीन राऊंड जोडले. खालचे केलीचे मूळ नियम जुने आहेत, पैजेची रचना आमच्या घरची आहे. तुम्हाला पटेल तशी बदला, पण पहिल्या दोन बैठका तरी अशीच खेळून बघा.

(पॉट हा शब्द इथे फार घोळ घालतो, बॉल पॉट केला की चिप्सचा पॉट नेला तेच कळत नाही. म्हणून बॉल ‘टाकायचा’ आणि मध्ये जमलेल्या चिप्सना ‘गल्ला’ म्हणायचं.)

आधी पैशांचं

रोख पैसे लावू नका. चिप्स म्हणजे फक्त गुण. महाराष्ट्रातला जुगार प्रतिबंधाचा कायदा १८८७ सालचा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. पण सोंगटी नशिबाने हाती येते, त्यामुळे त्या सुटीच्या भरवशावर पार्लरमालकाला अडचणीत टाकण्यात अर्थ नाही. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. नोटा आल्या की नवखा माणूस पुढच्या वेळी येत नाही. टेबलाचं भाडंही सरळ सहा भागांत वाटा. ‘हरेल तो टेबल देईल’ ही पार्लरमधली जुनी रीत या खेळात लावली की लोक जपून खेळायला लागतात, आणि जपून खेळणाऱ्यांची केली म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

या खेळाची वंशावळ तशी पैजेचीच आहे हे मात्र खरं. ‘पूल’ म्हणजे मुळात सगळ्यांनी मिळून जमवलेली रक्कम. १८७५ साली जबलपूरला ब्रिटिश अधिकारी पैजेचं ‘ब्लॅक पूल’ खेळायचे, त्यात नेव्हिल चेंबरलेन यांनी आणखी रंगीत बॉल घातले आणि स्नूकर जन्माला आलं. आपण त्यातली धाकधूक तेवढी घेऊ.

सामान

एक पूल टेबल, म्हणजे मोठे, आकडे लिहिलेले पंधरा बॉल. स्नूकरच्या टेबलावर हा खेळ जमत नाही, कारण तिथले लाल बॉल सगळे सारखे.

सोंगट्यांसाठी घरातला हाऊझीचा डबा काढा आणि त्यातले १ ते १५ आकडे वेगळे करा. भांडं अपारदर्शक आणि अरुंद तोंडाचं हवं. आम्ही औषधाची जुनी प्लास्टिकची बाटली वापरतो. सगळे आकडे बोटांना सारखे लागतात ना, तेवढं तपासा. आमची ९ नंबरची सोंगटी हरवली तेव्हा शर्टाच्या बटणावर मार्करने ९ लिहून काम भागवलं होतं. तीन रॅकनंतर (रॅक म्हणजे बॉल त्रिकोणात लावून खेळलेला एक डाव) लक्षात आलं की एकाला ९ कधीच येत नाही. बटणाला भोकं असतात आणि ती बोटाला कळतात.

चिप्स प्रत्येकी १,००० गुणांच्या : २५ च्या आठ, ५० च्या आठ, १०० च्या चार. सहा जणांना एकूण १२० चिप्स लागतात. पत्त्यांसोबत मिळणारा साधा प्लास्टिकचा सेट पुरतो. त्या ठेवायला वेगळं स्टूल घ्या. पहिल्याच दिवशी आम्ही गल्ला टेबलाच्या कडेवर रचला, तर मार्करकाका (पार्लरमध्ये टेबलं सांभाळणारे) लांबून ओरडले.

“दादा, कापडावर चिप्स नको. फाटलं तर कोण भरणार?”

“काका, कडेवर आहेत, कापडावर नाहीत.”

“कडेवरनं कापडावर यायला किती वेळ लागतो?”

बरोबर होतं त्यांचं. काकांनाच मग खजिनदार केलं. न खेळणारा एक माणूस बाटली आणि गल्ला सांभाळायला असला की निम्मी भांडणं होतच नाहीत.

रॅक आणि सोंगटी

पाच किंवा सहा जण उत्तम. चौघांत खेळ पातळ होतो, आठ जणांत पाळी यायला वेळ लागतो.

त्रिकोणात १ नंबरचा बॉल टोकाला, २ आणि ३ मागच्या दोन कोपऱ्यांत, बाकीचे कसेही. खेळायचा क्रम पहिल्या रॅकला बाटलीतून ठरवा : लहान आकडा काढणारा पहिला. मग सोंगट्या परत घालून, बाटली हलवून, प्रत्येकाने स्वतःची गुप्त सोंगटी काढायची. एकदा बघायची आणि शर्टाच्या खिशात ठेवायची. पँटच्या खिशात नको, शॉट मारायला वाकलात की बाहेर पडते. उरलेल्या सोंगट्या बाटलीतच राहतात. त्या कोणी बघायच्या नाहीत, काकांनीही नाही. पुढच्या रॅकला ब्रेकचा, म्हणजे रचलेले बॉल फोडायच्या पहिल्या शॉटचा, मान क्रमाने पुढच्याला.

शॉटचे नियम

दर शॉटला व्हाइट सगळ्यात आधी टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला लागला पाहिजे. त्यानंतर कुठलाही बॉल पॉकेटमध्ये गेला तरी चालतो. म्हणजे समोर २ आहे आणि तुमचा ७ आहे, तर २ ला मारून त्याने ७ ढकलला तरी तो तुमचा. बॉल पडला की पुढचा शॉट तुमचाच, नाही पडला की पाळी पुढच्याची.

फाऊल तीनच ठेवा : व्हाइट पॉकेटमध्ये गेला, लहान आकड्याला आधी लागला नाही, किंवा लागल्यावर ना कुठला बॉल पडला ना कुठला कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) गेला. फाऊलवर पडलेला बॉल रॅकच्या टोकाच्या ठिपक्यावर परत येतो, आणि पुढचा माणूस ब्रेकच्या रेषेमागे व्हाइट हवा तिथे ठेवून खेळतो.

स्वतःचा बॉल टाकलात की पुढचा शॉट मारण्याआधी सोंगटी दाखवायची. आधी. माझ्या मामेभावाने एकदा ६ टाकला, तो त्याचाच होता, पण हात असा लागला होता की त्या भरात त्याने ७ पण मारला. मग खिशात हात घातला. गल्ल्यात ४०० च्या वर होते. सगळे हसले आणि खेळ पुढे चालू राहिला. हा नियम निर्दयपणे पाळा, नाहीतर ‘मी दाखवणारच होतो’ हे वाक्य दर रॅकला ऐकावं लागतं.

चाली

रॅक लावतानाच प्रत्येकाने बूट, म्हणजे खेळात उतरायच्या चिप्स, टाकायचा, २५. पुढे तीन राऊंड :

१. सोंगटी बघितल्यावर, ब्रेकच्या आधी. चाल २५ ची.
२. ब्रेक झाल्यावर लगेच. चाल २५ ची.
३. एकूण सहा बॉल पडले की तो शॉट संपल्यावर. चाल ५० ची.

दर राऊंडला पर्याय दोनच, चाल टाका नाहीतर पॅक करा. राऊंडमध्ये एकदाच कोणीतरी चाल दुप्पट करू शकतो. मग बाकीच्यांनी तेवढी भरायची किंवा पॅक. शेवटपर्यंत राहून प्रत्येक वेळी दुप्पट भरावी लागली तरी एका रॅकला २५, ५०, ५० आणि १०० असे २२५ जातात. म्हणजे सलग चार वेळा पुरती वाट लागली तरी हातात १०० उरतात. पोकरमधलं ‘हवं तेवढं लाव’ मी मुद्दाम टाळलंय. एकदा ठेवून बघितलं होतं, तेव्हा दुसऱ्याच रॅकला दोघे सगळं लावून मोकळे झाले आणि उरलेली संध्याकाळ समोसे खात बसले.

ज्याचा पुढचा शॉट आहे त्याने आधी बोलायचं. पोकरमध्ये शेवटी बोलणाऱ्याला फायदा असतो, सगळ्यांचं ऐकून तो ठरवतो. इथे शॉट हाताशी असणं हाच मोठा फायदा, म्हणून त्याला पहिल्यांदा बोलायला लावून थोडा तोल साधायचा.

पॅक करणारा सोंगटी उलटी करून काकांकडे देतो आणि रॅक संपेपर्यंत खेळत नाही. त्याचा बॉल टेबलावर राहतोच, फक्त तो आता बेवारस. कोणता ते इतरांना माहीत नसतं, आणि पॅक केलेल्याने तोंड बंद ठेवायचं. शेवटी एकटाच उरला तर गल्ला त्याचा, सोंगटी न दाखवता.

तुमचा बॉल दुसऱ्याने टाकला तर

सगळी गंमत इथे आहे. केलीच्या काही प्रकारांत बॉल गेला की सांगून बाहेर व्हायचं असतं. आम्ही सांगत नाही. बॉल गेला म्हणजे तुम्ही मेलात, तो टाकून जिंकणं आता शक्य नाही. पण तुम्ही मेलात हे फक्त तुम्हाला माहीत आहे. चाल टाकायचा हक्क आहे, शॉट मारायचा हक्क आहे. बाकीच्यांना पॅक करायला लावलंत तर गल्ला तुमचा.

नंतरही आपली पाळी आली की कोणीही ‘पॅक’ म्हणू शकतो. पंधराही बॉल संपले आणि कोणीच जिंकलं नाही, तर गल्ला तसाच पुढच्या रॅकला जातो आणि वर नवा बूट पडतो. एकदा दोघेच उरले होते आणि दोघेही मेलेले. दोघेही इतक्या मन लावून नेम धरत होते की काकासुद्धा स्टुलावरून उठून बघायला आले. शेवटी एकाने १३ वर पॅक केलं. दुसऱ्याने गल्ला ओढून घेतला आणि मग सोंगटी दाखवली. दाखवायची गरज नव्हती, पण कोणाला राहवतं.

एक रॅक जवळून

सहा जण, बूट १५०. माझी सोंगटी ४, खेळायला मी तिसरा. पहिल्याने २५ टाकले, दुसऱ्याने दुप्पट केले. मी ५० भरले. चौथा पॅक, पाचव्याने ५० भरले, सहावा पॅक, पहिल्याने वरचे २५ घातले. गल्ला ३५०.

ब्रेकला ११ आणि २ पडले. आता दुसरा राऊंड. ब्रेक करणाऱ्याने २५ टाकले, दुसऱ्याने टाकले, मी टाकले. पाचवा ज्या पॉकेटमध्ये ११ पडला तिकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला आणि पॅक म्हणाला. गल्ला ४२५.

ब्रेकवाल्याने १ टाकला, काही दाखवलं नाही, आणि ३ वर चुकला. दुसऱ्याने ३ टाकला. तोही गप्प. मग त्याला ४ लाच आधी मारणं भाग होतं. बारीक कट होता, बॉल कोपऱ्याच्या पॉकेटच्या ओठावर येऊन थांबला. माझी पाळी, व्हाइट सरळ रेषेत. मी टाकला, सोंगटी स्टुलावर ठेवली, ४२५ माझे.

दुसऱ्याने मग हसत आपली सोंगटी टाकली : २. ब्रेकलाच मेला होता. तरी बिनधास्त २५ भरले, कारण पहिल्या राऊंडला दुप्पट केलेल्या माणसाला आपण घाबरू असा त्याचा हिशेब होता. मी घाबरायला हवं होतं का? त्याने दुप्पट केले म्हणजे आकडा लहान असणार हे उघड होतं. ब्रेकला २ पडला, १ आणि ३ पडूनही कोणी बोललं नाही. चेहऱ्याकडे न बघता फक्त पडलेले बॉल मोजले तरी हे वाचता येतं. नवख्यांनी तेवढंच करावं, लोकांचे चेहरे वाचायचा नाद नंतरचा.

कोणती सोंगटी चांगली

लहान आकडा आधी खेळात येतो, म्हणून चांगला वाटतो. पण तो सगळ्यांनाच आधी मारावा लागतो, म्हणून लवकर मरतोही. खेळायच्या क्रमात तुम्ही कुठे आहात यावर सगळं आहे. पहिल्या-दुसऱ्या जागी असाल तर १ ते ३ वर चाल दुप्पट करा. सहावे असाल तर तोच १ जवळपास कुचकामी.

सहा जणांत तुमच्याहून लहान सोंगटी कोणाकडे तरी असण्याची शक्यता मोजता येते. तुमची २ असेल तर सुमारे ३६ टक्के, ३ असेल तर ६० टक्के, आणि ४ असेल तर थेट ७७ टक्के. म्हणजे ४ हाती घेऊन ‘आपलाच नंबर सगळ्यात लहान’ असं समजणारा चारातल्या तीन वेळा फसतो. वरच्या रॅकमध्ये मीही तसाच होतो, ब्रेक माझ्या मदतीला आला.

१० च्या पुढची सोंगटी आली तर? खेळणारे कच्चे असतील तर राहा, कारण त्यांना तिथवर पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर निम्मे पॅक झालेले असतात. दोन तरी पक्के खेळाडू असतील तर बुटाचे २५ सोडून द्या. अडवणूकही शिकून घ्या. समोरचा ५ वर टपलाय असं वाटलं तर बॉल टाकण्यापेक्षा ५ कुशनला चिकटवून व्हाइट लांब पाठवा. सेफ्टी खेळणाऱ्याला आमच्यात शिव्या पडतात, चिप्सही त्याच्याकडेच साठतात.

त्याची स्पर्धा करताना

बूट आणि चाली दर तीन रॅकनंतर दुप्पट करा : २५, मग ५०, मग १००. पोकरमध्ये हे घड्याळावर चालतं. इथे घड्याळ लावू नका. ज्याच्याकडे चिप्सचा ढीग आहे तो क्यूला चॉक लावण्यात पाच-पाच मिनिटं घालवायला लागतो. नऊ रॅक झाले की थांबा, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चिप्स तो पहिला. नवख्यांना एका रॅकला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे टेबल तीन तासांसाठी सांगून ठेवा.

कोणाकडे चाल भरण्याइतक्या चिप्स नसतील तर असतील तेवढ्या टाकून तो राहू शकतो. समजा त्याने ७५ टाकले आणि बाकी दोघांनी १५० टाकले. मग तिघांचे ७५, म्हणजे २२५, आणि त्याआधीचा गल्ला एका बाजूला. उरलेले दोघांचे ७५, म्हणजे १५०, दुसऱ्या बाजूला. त्याने आपला बॉल आधी टाकला तर पहिला ढीग त्याचा, आणि दुसऱ्या ढिगासाठी ते दोघे खेळत राहतात. त्या दोघांपैकी कोणी आधी टाकला तर दोन्ही ढीग त्याचे. चिप्स संपल्या की माणूस बाहेर. फार लवकर बाहेर पडला, म्हणजे पहिल्या तीन रॅकच्या आत, तर एकदाच नव्याने १,००० द्या.

एखादा खूपच पक्का असेल तर त्याला बांधून ठेवण्यापेक्षा कच्च्याला मदत करा. कच्च्याने दोन सोंगट्या काढायच्या, बघायच्या आणि एक परत बाटलीत टाकायची. पॉइंटांच्या हँडिकॅपवर आम्ही तासभर वाद घातलेत, यावर एकदाही नाही.

बारा जण आले तर दोन टेबलं घ्या, पाच रॅकनंतर दोन्हीकडचे वरचे तीन एका टेबलावर आणा. बाहेर पडलेल्यांचं काय? अमेरिकेतल्या पूल स्पर्धांत ‘कलकत्ता’ नावाचा प्रकार चालतो. बघ्यांमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, जमलेला गल्ला जिंकणाऱ्याच्या ‘मालका’ला मिळतो. हे नाव आपल्याच कोलकात्याचं. उरलेल्या सहा जणांना ५०० गुणांच्या चिप्स देऊन अंतिम फेरीतल्या खेळाडूंवर बोली लावायला सांगा. आमच्या सगळ्यात कच्च्या मेहुण्याला एकदा अगदी स्वस्तात विकत घेतलं गेलं होतं आणि तो दुसरा आला. ज्याने घेतलं त्याला काहीच मिळालं नाही, पण टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच पडल्या.

दोघे मित्र मिळून तिसऱ्याला घेरतायत, एकमेकांचे बॉल मुद्दाम सोडतायत असं वाटलं तर रॅक अर्धवट थांबवू नका. पुढच्या रॅकला खेळायचा क्रम बदला आणि त्या दोघांमध्ये दोन माणसं घाला.

आणि बिल भरण्याआधी सोंगट्या मोजा. पंधरा. एखादी कमी असेल तर आधी टेबलाच्या पॉकेटमध्ये बघा, मग ज्याने शेवटचा गल्ला नेला त्याच्या शर्टाच्या खिशात.